दीड-दोन वर्षांच्या मुलांमधली ऑटिझमची लक्षणं आणि तपासणी, इथे बोलूया

गोकर्ण

नमस्कार. बाळांच्या धाग्यांवर 'दोन वर्षांचा झाला तरी बोलत नाही, काळजी करू का' असा प्रश्न सारखा येतो आणि खाली उत्तरं ठरलेली असतात. मुलगे उशिराच बोलतात, ह्याचे बाबा पण तीन वर्षांचे होईस्तोवर बोलत नव्हते, घरात दुसरं लेकरू नाही ना म्हणून, शाळेत घाला आपोआप बोलेल, जिभेवर वेखंड उगाळून लावा. सगळी मायेपोटी दिलेली उत्तरं आहेत. पण माझा मुलगा ऑटिस्टिक आहे (म्हणजे मेंदूची घडणच वेगळी, त्यामुळे बोलणं आणि माणसांशी देवाणघेवाण वेगळी), यंदा दुसरीत गेला, आणि थेरपी सेंटरच्या बाकड्यावर बसून इतर आयांशी बोलताना बहुतेकींकडून एकच ऐकलंय, की घरात कुणालातरी शंका आलीच होती आणि मग वर्ष-दीड वर्ष 'थांबू की जरा' मध्ये गेलं. म्हणून हा वेगळा धागा काढतेय.

पहिली गोष्ट, फक्त बोलण्याकडे बघू नका. शब्द फुटायच्या कितीतरी आधी मूल गप्पा मारायला लागलेलं असतं, बोटाने, नजरेने, हुंकाराने. वर्ष-सव्वा वर्षाचं बाळ खिडकीत कावळा दिसला की बोट करतं, 'आं आं' करतं आणि वळून आईच्या तोंडाकडे बघतं, तू पाहिलास का म्हणून. त्याला कावळा नको असतो, त्याला तो तुम्हाला दाखवायचा असतो. हे दाखवणं दीड वर्षापर्यंत आलेलंच नसेल तर माझ्या मते ती दोन-चार शब्द उशिरा येण्यापेक्षा मोठी खूण आहे. आमच्याकडे काय व्हायचं, लेकाला पाणी हवं असलं की तो बाबाचं मनगट धरून फ्रीजपर्यंत ओढत न्यायचा आणि त्याचा हात हँडलवर नेऊन ठेवायचा, तोंडाकडे एकदाही बघायचा नाही. पाहुणे म्हणायचे किती हुशार आहे, न बोलता बरोब्बर सांगतो. हुशार तो आहेच. पण हात धरून नेणं आणि बोट दाखवून, आपल्याकडे बघून मागणं ह्यात काय फरक आहे हे डेव्हलपमेंटल पेडिॲट्रिशियन (मुलांच्या वाढ-विकासाच्या डॉक्टर) मॅडमनी नीट बसून समजावलं.

दुसरं म्हणजे नावाने हाक मारली तर वळत नाही पण बिस्किटाचा पुडा फोडल्याचा आवाज आतल्या खोलीतून ऐकू येतो, टीव्हीवर ठरावीक जाहिरात लागली की धावत येतो. मग घरचे म्हणतात कान तर चांगले आहेत, मूडी आहे. टाटा करणं, टाळ्या वाजवणं, आपण करतो त्याची नक्कल करणं, बाहुलीला खोटंखोटं भरवणं हे सगळं कमी. गाडी दिली तर उलटी करून चाक फिरवत बसणं, डब्यांची झाकणं ओळीने लावणं आणि एक जरी हललं तरी आकांत, मिक्सर किंवा कुकरच्या शिट्टीला कानावर हात, केस कापताना जीव जाईल इतकं रडणं, हात फडफडवणं, चवड्यांवर चालणं, जेवणात दोन-तीनच पदार्थ आणि तेही ठरावीक रंगाचे. ह्यातलं एखादं लक्षण कुठल्याही मुलात दिसतं, चवड्यांवर तर पुष्कळ मुलं चालतात, त्यावरून घाबरायचं नाही. बोलण्याचं आणि देवाणघेवाणीचं काहीतरी आणि जोडीला असलं काहीतरी, असं दोन्ही मिळून दिसत असेल तर तपासून घ्यायचं.

आणि एक, ह्यात अजिबात थांबायचं नाही. मूल आधी मम, बाबा, काऊ म्हणत होतं आणि आता म्हणत नाही, आधी टाटा करायचं आणि बंद झालं, तर कितीही लहान असो, त्याच आठवड्यात डॉक्टरकडे जा.

ज्यांना अनुभव आहे त्यांनी लिहा, कुठे दाखवलं, तपासणीत काय काय करतात, खर्च, सरकारी सोय, सगळं.

चिमणघर

खूप गरज होती ह्या धाग्याची. माझी मुलगी वीस महिन्यांची आहे. हाक मारली तर दहातून दोनदा बघते. बोट दाखवत नाही, आत्ता तुझं वाचून लक्षात आलं की खरंच दाखवत नाही, मागतेही हात ओढूनच. शब्द नाहीत पण गाण्याच्या चाली बरोबर गुणगुणते. सासूबाई म्हणतात नजर लागलीय, मीठमोहरी ओवाळतात, त्याला माझी ना नाही, पण नवरा पण म्हणतो तीन वर्षांपर्यंत थांबू. आम्ही तालुक्याच्या गावी राहतो, इथे असा कोणी स्पेशालिस्ट नाही. सुरुवात कुठून करू? रात्री झोप लागत नाहीये.

माईआजी

अगं बाळा, एवढा धसका घेऊ नकोस. मी चार नातवंडं मांडीवर वाढवली आहेत. प्रत्येकाची चाल वेगळी. आमच्या वेळी हे शब्दही नव्हते, मुलं आपापल्या गतीने मोठी झाली, संसाराला लागली. आता दीड वर्षाच्या लेकराला नाव चिकटवायचं आणि ते आयुष्यभर वागवायचं ह्याची मला मनापासून भीती वाटते. लोक एकदा बोलायला लागले की थांबत नाहीत.

बालरोग_सांगली

मी बालरोगतज्ज्ञ आहे, लहान गावात प्रॅक्टिस करतो. माईआजी, तुमची भीती खरी आहे आणि ती मी रोज ओपीडीत ऐकतो. पण तपासणी केली म्हणजे नाव चिकटवलं असं होत नाही. तपासणीतून कधी ऐकायला कमी येतं हे कळतं, कधी नुसता बोलण्यातला उशीर निघतो, कधी थायरॉइड किंवा दुसरं काही. ह्या सगळ्यांवर लवकर उपाय असतात आणि वाट बघून ह्यातलं एकही सोपं होत नाही.

चिमणघर, तुमच्यासाठी क्रम सांगतो. तुमच्या नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांना एम-चॅट-आर ही प्रश्नावली भरून घ्यायला सांगा. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी आहे, हो-नाही असे २० प्रश्न, आईवडीलच भरतात, फुकट आहे, पाच-दहा मिनिटं लागतात. तुम्ही एखादी वस्तू बोटाने दाखवलीत तर ती तिकडे बघते का, तुम्हाला काही आणून दाखवते का, असे प्रश्न असतात. २ पर्यंत गुण आले तर धोका कमी, ३ ते ७ आले तर डॉक्टर त्याच मुद्द्यांवर आणखी खोलात विचारतात, ८ किंवा जास्त आले तर थेट पुढच्या तपासणीला पाठवायचं. गुण जास्त आले म्हणजे ऑटिझम आहेच असं नाही, ही चाळणी आहे, निदान नव्हे. इतकंच की चाळणीत अडकलेल्या मुलाला पुढे तपासायलाच हवं. शक्यतो १८ आणि २४ महिन्यांना प्रत्येकच मुलाची ही तपासणी व्हावी असं आम्हा लोकांना सांगितलेलं असतं, पण खरं सांगतो, लसीकरणाच्या गर्दीत ती राहून जाते. तेव्हा तुम्ही स्वतः मागा.

सोबत ऐकण्याची तपासणी, ओएई आणि बेरा. बेरासाठी बाळ झोपलेलं लागतं, काही वेळा झोपेचं औषध देतात, त्याने दुखत वगैरे काही नाही. पुड्याचा आवाज ऐकू येतो म्हणून ही तपासणी टाळू नका, काही मुलांना ठरावीक पट्टीतलेच आवाज ऐकू येत असतात आणि आईच्या बोलण्यातले निम्मे वर्ण निसटतात.

वऱ्हाडची_लेक

मी आशा सेविका आहे, बहिणीच्या आयडीवरून लिहून राहिली. तालुक्याच्या गावी स्पेशालिस्ट नाही म्हणता तर आरबीएसके विचारा नं ताई. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, २०१३ ला आपल्या पालघरातूनच सुरू झाला होता. त्याची डॉक्टरांची टीम गाडी घेऊन अंगणवाडीत वर्षातून दोनदा येते आणि शाळेत एकदा, जन्मापासून १८ वर्षांपर्यंतची सगळी पोरं त्यात येतात. फक्त हृदय अन् फाटलेला ओठच पाहतात असं लोकायला वाटते पण वाढीतला उशीर पण त्यातच आहे. अंगणवाडी ताईकडे जाऊन सांगायचं की माझ्या लेकराचं नाव लिहा. तिथून जिल्हा रुग्णालयात डीईआयसीला, म्हणजे लहान मुलांची लवकर तपासणी अन् उपचार करणाऱ्या केंद्राला, चिठ्ठी देतात, तिथे एकाच ठिकाणी मुलांचे डॉक्टर, मानसतज्ज्ञ, स्पीचवाले, फिजिओ बसतात, पैसे लागत नाहीत. एखादं पद रिकामं असते कधी कधी, म्हणून जायच्या आधी कोणत्या वारी कोण असते ते फोन करून विचारून घ्या. टीमची वाट पाहायची पण गरज नाही, सरळ गेलं तरी चालते.

आणि ते माता बाल संरक्षण कार्ड असते नं, लसीचं, त्याच्यात चित्रं आहेत कोणत्या महिन्यात बाळाला काय यायला पाहिजे त्याची. ते पान कोणीच उघडत नाही. मी आता प्रत्येक घरी लस झाली की ते पान उघडून आईच्या मांडीवर ठेवते.

गोकर्ण

वऱ्हाडची लेक, किती मोलाचं लिहिलंत. शेवटची ओळ वाचून फार बरं वाटलं.

वाचा

स्पीच थेरपिस्ट आहे, ठाण्यात. दोन गोष्टी सांगायच्या आहेत. एक, निदानाच्या तारखेसाठी मोठ्या शहरातही कित्येकदा महिनोन्महिने थांबावं लागतं, तोपर्यंत हातावर हात ठेवून बसू नका. स्पीच थेरपी किंवा ऑक्युपेशनल थेरपी (खेळातून रोजची कामं शिकवणारी) सुरू करायला निदानाचा कागद लागत नाही. शंका आहे एवढं पुरेसं आहे, आणि नंतर ऑटिझम नाही असं निघालं तरी त्या कामाने मुलाचं काहीच बिघडत नाही.

दुसरं घरचं. जमिनीवर त्याच्या समोर, त्याच्या नजरेच्या उंचीला बसा. ते जे करतंय त्यात शिरा, झाकणं लावतंय तर तुम्ही पण एक झाकण द्या, मग हातात धरून थांबा. ते तुमच्याकडे बघेल, हात पुढे करेल, आवाज काढेल, काहीही केलं की लगेच द्या. फुगे उडवायची बाटली असेल तर दोन-तीनदा फुंका आणि मग झाकण लावून थांबा. वाक्य छोटी ठेवा, 'दे', 'उघड', 'अजून फुगा'. 'हे काय आहे सांग, हा कुठला रंग सांग' अशी परीक्षा घेत बसू नका. चिमणघर, तुमची लेक चाली गुणगुणते ना, मग बडबडगीतं हे तुमच्या हातातलं सगळ्यात चांगलं साधन आहे. 'ये रे ये रे पावसा, तुला देतो' म्हणून थांबायचं आणि तिच्याकडे बघायचं. पैसा तिने म्हणायची वाट बघायची, नुसती नजर आली तरी आपण पूर्ण करायचं.

मोबाईलबद्दल नेहमी विचारतात म्हणून लिहिते. मोबाईल बघून ऑटिझम होत नाही, 'व्हर्च्युअल ऑटिझम' नावाचं निदान कुठल्याही अधिकृत यादीत नाही. पण दिवसाचे चार-पाच तास स्क्रीनपुढे गेले तर माणसांशी देवाणघेवाण करायचा वेळच उरत नाही, म्हणून तो कमी करायचाच. फक्त 'आधी सहा महिने मोबाईल बंद करून बघू, मग डॉक्टर' असं कृपया करू नका. दोन्ही एकदम करा.

दुपारचा_चहा

वरच्या सगळ्याला अनुमोदन. मी बाप म्हणून एक सावधगिरी लिहितो. निदान झाल्यावर आठवड्याभरात फोनवर जाहिराती यायला लागतात. आम्हाला एका खाजगी क्लिनिकने स्टेम सेलचं पॅकेज सांगितलं, रक्कम ऐकून बायकोने मंगळसूत्राकडे हात नेला होता. आमच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की ऑटिझमसाठी स्टेम सेलचा उपयोग सिद्ध झालेला नाही, आणि राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्येच हा उपचार ऑटिझमसाठी करू नये असं म्हटलंय. जो कोणी 'सहा महिन्यांत बरा करतो' म्हणेल त्याच्या दारातून मागे फिरा. हा आजार नाही की जो बरा होईल, मेंदूची घडणच वेगळी आहे, शिकवायची पद्धत त्याप्रमाणे लावावी लागते.

रानमेवा

एक विचारू का, कृपया रागावू नका. आमच्या ओळखीत एकाचं म्हणणं आहे की गोवराची लस दिल्यानंतर त्यांचा मुलगा गप्प झाला. माझ्या बाळाची पुढची लस आहे, मी खरंच गोंधळलेय.

बालरोग_सांगली

रागवायचं काय त्यात, विचारलंत ते बरं केलंत. १९९८ मध्ये लॅन्सेट ह्या ब्रिटिश नियतकालिकात १२ मुलांवरचा एक लेख आला होता, तिथून हे सगळं सुरू झालं. त्यात गैरप्रकार झाल्याचं उघड झालं, २०१० मध्ये तो लेख मागे घेतला गेला आणि मुख्य लेखकाचं नाव ब्रिटनच्या डॉक्टरांच्या नोंदवहीतून काढून टाकलं. त्यानंतर मोठमोठे अभ्यास झाले, डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून जास्त मुलांवर, २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला, लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलांत ऑटिझमचं प्रमाण वेगळं निघालं नाही. आपल्याकडे गोवर-रुबेलाचा दुसरा डोस १६ ते २४ महिन्यांत असतो आणि ऑटिझमची लक्षणं, काही मुलांत तर आलेले शब्द जाणं, नेमकं त्याच वयात नजरेस येतं. त्यामुळे आईबापांना दोन्हीचा संबंध वाटतो, ते मी समजू शकतो. पण लस द्या. गोवराने मूल दगावतं, हे मी डोळ्याने पाहिलंय.

तुती

मी न्यू जर्सीत आहे. इथल्या मराठी आयांसाठी लिहितेय. तीन वर्षांच्या आतलं मूल असेल तर राज्याच्या अर्ली इंटरव्हेन्शनला (लहान मुलांना लवकर मदत देणारी सरकारी सेवा) स्वतः फोन करता येतो, डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही, तपासणी मोफत असते आणि फोन केल्यापासून ४५ दिवसांच्या आत तपासणी होऊन पहिली मीटिंग व्हावी असा कायदा आहे. तीन वर्षं पूर्ण झाली की हे काम शाळेच्या डिस्ट्रिक्टकडे जातं, म्हणून अडीचच्या सुमारास त्यांना कळवून ठेवायचं.

आणि एक फार जिव्हाळ्याचं. इथे कित्येक जणींना शेजारीपाजारी, कधी टीचरसुद्धा सांगतात, घरी मराठी बंद करा, फक्त इंग्लिश बोला, मूल गोंधळतंय. दोन भाषांमुळे ऑटिझम होत नाही आणि ऑटिस्टिक मुलं दोन भाषा शिकू शकतात. माझी लेक आजीशी व्हिडिओ कॉलवर मराठीत बोलते, थोडं बोलते, पण जे बोलते ते आजीला कळतं. आपली भाषा तोडली तर मूल आपल्याच माणसांपासून तुटतं. नका करू.

नीलपंख

मी स्वतः ऑटिस्टिक आहे. तिशी उलटल्यावर निदान झालं. लहानपणी मी भरपूर बोलायचे, पाठांतर तर असं की वर्गात कौतुक व्हायचं, त्यामुळे कोणाच्या मनातही आलं नाही. मधल्या सुट्टीत मी कायम पाण्याच्या टाकीमागे उभी असायचे कारण मुलींच्या घोळक्यात कधी हसायचं आणि कधी नाही हे मला कळायचं नाही, मग मी एका मुलीकडे बघून तिच्यासारखं हसायला शिकले. मुलींमध्ये हे असं झाकलं जातं. मुलग्यांचं निदान मुलींच्या तीन-चार पट होतं त्यात हा पण भाग आहे. म्हणून चिमणघर, मुलगी आहे, शांत आहे, लाजाळू आहे असं कोणी म्हणालं तर तेवढ्यावर सोडू नका.

माईआजींना आदराने सांगते, नाव नव्हतं तेव्हाही मी वेगळीच होते आणि लोकांनी मला नावं ठेवलीच, घुमी, शिष्ट, तुटक. खरं नाव मिळालं तेव्हा मला आयुष्यात पहिल्यांदा हलकं वाटलं.

माईआजी

नीलपंख, बाळा, वाचून डोळे भरून आले. हे मी असं कधी ऐकलंच नव्हतं गं. चिमणघर, सासूबाईंना माझ्याकडून सांग, दृष्ट काढा आणि डॉक्टरकडेही न्या. त्यांनाच सोबत घेऊन जा, दिवसभर लेकरू त्यांच्याकडे असतं ना, डॉक्टरांना त्यांना विचारायचं असेल.

मांडवीकाठ

गोव्यातल्या लोकांसाठी, पर्वरीला सेतू म्हणून संस्था आहे, मुलांच्या वाढीवरच काम करतात. मुंबईत उमीद आहे, २००१ पासून. वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे, केंद्र सरकारची, तिथे ऐकण्या-बोलण्याची तपासणी कमी खर्चात होते. खारघरला सिकंदराबादच्या, बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेचं, एनआयईपीआयडीचं, केंद्र आहे.

दुपारचा_चहा

कागदपत्रांचं पण लिहून ठेवतो, पुढे कोणालातरी लागेल. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे, आधीच्या १९९५ च्या कायद्यात नव्हता. प्रमाणपत्रासाठी इसा नावाची भारतीय मोजपट्टी वापरतात, ४० मुद्दे, प्रत्येकाला १ ते ५ गुण, एकूण ७० किंवा जास्त झाले की ऑटिझम धरतात. अर्ज यूडीआयडीच्या (दिव्यांगांचं ओळखपत्र) स्वावलंबन पोर्टलवर करायचा. राष्ट्रीय न्यास ह्या केंद्र सरकारच्या संस्थेची निरामय आरोग्य विमा योजना आहे, वर्षाला एक लाखापर्यंत, त्यात थेरपीचा खर्चही मिळतो. सगळ्या कागदांच्या झेरॉक्स एका फाईलमध्ये तारखेने लावून ठेवा. पण चिमणघर, हे तुम्हाला आत्ता लागणार नाही, आत्ता फक्त कान आणि ती प्रश्नावली.

चिमणघर

सगळ्यांचे खूप खूप आभार. आमच्या डॉक्टरांकडे जाऊन प्रश्नावली मागितली, गुण ९ आले. बेरा झाली, ऐकणं व्यवस्थित आहे. नवऱ्याने हा धागा पूर्ण वाचला, विशेषतः नीलपंख ह्यांचं, आणि त्यानेच डीईआयसीला फोन करून तारीख घेतली, पुढच्या महिन्यातली. सासूबाई पण येतायत. तिथे नेमकं काय करतात? ती अनोळखी ठिकाणी खूप रडते, रडली तर तपासणी चुकीची येईल का?

गोकर्ण

रडली तर त्यांना सवय असते, पुन्हा बोलावतात, घाईने निष्कर्ष काढत नाहीत. आमच्या वेळी मॅडम चटईवर बसल्या होत्या, कोट नाही की काही नाही. फुगे उडवले, मग बाटली बंद करून त्याच्या हातात दिली आणि काय करतो बघितलं. बाहुलीचा वाढदिवस केला, प्लास्टिकचा केक, मेणबत्ती फुंकायची. मध्येच मागून नावाने हाक. मला मात्र पुष्कळ विचारलं, गरोदरपण, जन्माच्या वेळी रडला का, कधी बसला, कधी चालला, झोप, शी, खाणं, घरात अजून कोणाला असं काही.

घरचे व्हिडिओ घेऊन जा, ह्याचा फार उपयोग होतो. जेवतानाचा एक, एकटी खेळतानाचा एक, कोणीतरी नावाने हाक मारतंय तो एक आणि तिला काहीतरी हवंय आणि ती ते मिळवतेय तो एक. तिला मुद्दाम काही करायला लावू नका, जसं आहे तसं. पहिल्या वाढदिवसाचा व्हिडिओ असेल तर तोही, तेव्हा काय करायची ते दिसतं. तिच्या दुपारच्या झोपेच्या वेळेची अपॉइंटमेंट असेल तर आत्ताच फोन करून सकाळची मागा. आवडतं खेळणं, खाऊ, पाण्याची तिचीच बाटली. आणि रिपोर्टची भाषा कळली नाही तर तिथेच बसून मराठीत समजावून मागा, नवऱ्याला आणि सासूबाईंना समोर बसवून.